सर्व्हर बसला की लगेच एक्सएमएक्स वाढवू नका, आधी कोणी मारलं ते बघा

जावाचं ॲप्लिकेशन टॉमकॅटवर (जावाची वेब ॲप्लिकेशन्स चालवणारा सर्व्हर) चालतंय, मधेच बंद पडतंय, लॉगमध्ये कधी काही दिसतं कधी काहीच नाही, आणि ऑफिसातला प्रत्येक जण एकच सल्ला देतो, "अरे मेमरी वाढव ना." मी पण आधी तेच करायचो. दहातल्या चार-पाच वेळा चालून जातं म्हणून सवय लागते, आणि उरलेल्या वेळी आपण स्वतःच्या हाताने सर्व्हर अजून लवकर पाडतो. कसं ते सांगतो, आणि मग स्टेप बाय स्टेप काय बघायचं ते पण. कमांडची नावं इथे देवनागरीत लिहितोय, टाईप करताना अर्थातच इंग्रजीत टाका.

एका पतसंस्थेचं काम होतं. ८ जीबीचा एकच सर्व्हर, त्याच्यावरच टॉमकॅट आणि त्याच्यावरच मायएसक्यूएल डेटाबेस, स्वॅप (रॅम संपली तर डिस्कवर वापरायची जागा) शून्य, बजेट नाही म्हणून सगळं एकाच डब्यात. दिवसभर मस्त चालायचं, आणि आठवड्यातून एकदा रात्री व्याज पोस्टिंगचा जॉब चालू असताना टॉमकॅट गायब. सकाळी नऊला फोन, "साहेब, सर्व्हर परत बसला." एक्सएमएक्स म्हणजे जावाची जास्तीत जास्त हीप (ॲप्लिकेशनचे ऑब्जेक्ट्स जिथे राहतात ती मेमरी), ती ५ जीबी होती. आमच्यातल्याच एकाने ती ६ केली, म्हणजे आता जॉबला भरपूर जागा मिळेल. झालं उलटंच, आठवड्यातून एकदा मरणारा टॉमकॅट एक दिवसाआड मरायला लागला.

तर पहिली गोष्ट ही की प्रोसेस दोन वेगवेगळ्या पद्धतीने जाते आणि दोघांचा इलाज एकमेकांच्या उलटा आहे. एक म्हणजे जावाच्या आतली हीप संपते, तेव्हा जावा स्वतः बोंब मारतो, लॉगमध्ये आउटऑफमेमरीएरर येतो, खाली भलामोठा स्टॅक ट्रेस असतो, आणि गंमत म्हणजे बऱ्याचदा प्रोसेस मरत नाही, अर्धमेली चालू राहते, काही पानं उघडतात काही नाही. दुसरी म्हणजे मशीनचीच रॅम संपते, तेव्हा लिनक्सचा कर्नल (सिस्टिमचा गाभा) सगळ्यात मोठी प्रोसेस बघून तिला सरळ किल करतो, ह्यालाच ओओएम किलर म्हणतात. ह्यात जावाला शेवटचे दोन शब्द बोलायला पण मिळत नाहीत, कॅटलिना डॉट आउट ही टॉमकॅटची लॉग फाईल बघितली तर नेहमीच्या ओळी चालू आहेत आणि अचानक फाईल संपते. लॉगमध्ये काहीच नाही म्हणून लोक गोंधळतात, पण काहीच नसणं हाच इथे पुरावा आहे.

खात्री करायची असेल तर डीमेसेग ही कर्नलचे मेसेज दाखवणारी कमांड मोठ्या टी ऑप्शनने चालवा म्हणजे वेळेसकट दिसेल, आणि त्यात 'किल्ड प्रोसेस' शोधा. सर्व्हर मधे रीबूट झाला असेल तर डीमेसेगमध्ये आधीचं काही उरत नाही, मग जर्नलसीटीएलला के ऑप्शन आणि मागच्या बूटचा उणे एक देऊन बघा (जर्नल डिस्कवर साठवत असेल तरच मिळेल). आम्हाला तिथे सापडलं, जावा किल, शेजारी अ‍ॅनॉन-आरएसएस (प्रोसेसने खरंच व्यापलेली रॅम) म्हणून ५८ लाख केबीच्या आसपासचा आकडा. म्हणजे साडेपाच जीबी. हीप ५ ची आणि प्रोसेस साडेपाचची, हे वरचं अर्धा जीबी कुठून आलं, इथेच सगळी मेख आहे.

एक्सएमएक्स म्हणजे जावाची टोटल मेमरी नाही. हीप हा फक्त एक कप्पा आहे. त्याच्याबाहेर मेटास्पेस असतो जिथे क्लासेस लोड होतात, कोड कॅश असतो, प्रत्येक थ्रेडला (एकाच वेळी चालणाऱ्या कामांपैकी एक) आपला स्टॅक असतो जो ६४ बिट लिनक्सवर डीफॉल्ट १ एमबीपर्यंत जातो (टॉमकॅटचे मॅक्सथ्रेड्स डीफॉल्ट २०० आहेत, गुणाकार तुम्हीच करा, पूर्ण वापरला जात नाही पण हिशोबात धरावा), गार्बेज कलेक्टरची (नको झालेले ऑब्जेक्ट्स उचलणारा, त्याचं काम म्हणजे जीसी) स्वतःची वही असते, आणि नेटी (नेटवर्कची जावा लायब्ररी) वगैरे वापरणारं काही असेल तर डायरेक्ट बफर, ज्याची मर्यादा वेगळी दिली नाही तर ती जवळजवळ एक्सएमएक्सएवढीच धरली जाते. मी साधारण हीपच्या वर पंचवीस-तीस टक्के जास्त धरतो. हा नियम नाही, माझा अंदाज आहे, पण आजवर ह्याने फसवलेलं नाही.

आता त्या ८ जीबीचा हिशोब मांडू. फ्री कमांडला एम ऑप्शन दिला की टोटल ७८२० एमबी दिसायचे, म्हणजे आठ मुळात आठ नव्हतेच. मायएसक्यूएलचा बफर पूल (त्याची स्वतःची कॅश) दीड जीबी ठेवलेला, त्याची प्रोसेस १.९ जीबी खायची. जावा साडेपाच. हे झाले ७.४, वर ऑपरेटिंग सिस्टिम, अँटिव्हायरसचा एजंट, बॅकअपचा एजंट. स्वॅप नाही. किल होणार नाही तर काय होणार. आणि दिवसा का मरत नव्हता? कारण एक्सएमएस १ जीबी होता, हीप सुरुवातीला तेवढीच घेते आणि लागेल तशी वाढते, दिवसभराच्या कामात ती दोन-अडीचच्या वर जायची नाही. रात्री व्याजाचा जॉब एकदम लाखो ओळी उचलायचा, हीप फुगत पाचकडे जायची आणि कर्नल टपकायचा. मर्यादा ६ केल्यावर कलेक्टर अजून निवांत झाला, आपल्याला जागा आहे म्हणून कचरा कमी उचलायला लागला, आणि भिंत लवकर लागली.

म्हणून आम्ही हीप वाढवली नाही, कमी केली. साडेतीन जीबी. जावा टोटल सव्वाचार-साडेचार, मायएसक्यूएल १.९, बाकी अर्धा, वर थोडी जागा डिस्कच्या कॅशला. क्लायंटला हे फोनवर पटवणं सगळ्यात अवघड, "मेमरी कमी पडते म्हणून तुम्ही मेमरी कमी केली?" बिचाऱ्याचं बरोबरच होतं ऐकायला.

फ्री कमांडबद्दल आत्ताच सांगून टाकतो कारण ह्यावरून फार भांडणं होतात. त्यात 'फ्री' कॉलममध्ये २०० एमबी दिसले की लोक घाबरून रीस्टार्ट मारतात. लिनक्स रिकामी रॅम वाया घालवत नाही, फाईल वाचली की ती कॅशमध्ये ठेवून देतो, कोणाला लागली की सोडतो, ती बफ/कॅश कॉलममध्ये दिसते. बघायचा असतो तो शेवटचा 'अव्हेलेबल' कॉलम. तो दोन जीबी असेल तर फ्री शंभर असला तरी झोपा. कॅश रिकामी करणारा क्रॉन जॉब दर तासाला लावलेले सर्व्हर मी स्वतः बघितलेत, त्याने फक्त डिस्क हळू होते, दुसरं काही होत नाही. तसंच टॉपमध्ये जावासमोर व्हर्टचा आकडा १२ जीबी वगैरे दिसतो तो बघून दचकू नका, ती फक्त राखून ठेवलेली ॲड्रेस स्पेस आहे, खरा आकडा रेस कॉलमचा.

सेटिंग बदलताना एक मोठा सापळा आहे, आपण बदललेलं सेटिंग खरंच लागलंय का. टॉमकॅटच्या बिन फोल्डरमध्ये सेटएन्व्ह डॉट एसएच नावाची फाईल आपण स्वतः बनवायची असते, ती आयती येत नाही, आणि त्यात कॅटलिना ऑप्ट्समध्ये एक्सएमएक्स लिहायचं. जावा ऑप्ट्समध्ये लिहू नका, कारण ते टॉमकॅट बंद करतानाच्या छोट्या जावाला पण लागतं, म्हणजे आधीच तंगी असलेल्या मशीनवर फक्त बंद करायची चिठ्ठी द्यायला अजून एक मोठी जावा उठते. सर्व्हिस म्हणून चालत असेल तर सिस्टमडीच्या (लिनक्सवर सर्व्हिसेस चालवणारा) युनिट फाईलमध्ये कोणीतरी तीन वर्षांपूर्वी वेगळाच आकडा लिहिलेला असतो. विंडोजवर तर सेटएन्व्ह सर्व्हिस वाचतच नाही, तिथे टॉमकॅटच्या कॉन्फिगरेशनच्या खिडकीत जावा टॅबमध्ये मॅक्सिमम मेमरी पूलला एमबीमध्ये आकडा टाकायचा. म्हणून फाईलवर विश्वास ठेवू नका, चालू प्रोसेसला विचारा, पीएस मारून जावाची पूर्ण कमांड लाईन वाचा. एक्सएमएक्स दोनदा दिसलं तर शेवटचं लागू होतं. आणि आकड्यापुढे जी किंवा एम लावायला विसरू नका, नुसतं ४०९६ लिहिलं की जावा ते ४०९६ बाईट समजतो आणि उठायलाच नकार देतो. एक्सएमएक्स कुठेच दिलं नसेल तर डीफॉल्ट मशीनच्या रॅमचा पाव हिस्सा, म्हणजे १६ जीबीचा सर्व्हर घेऊनही ॲप्लिकेशन ४ मध्येच गुदमरतंय असं होऊ शकतं.

जुन्या सर्व्हरवरून नवीनवर जाताना अजून एक, मॅक्सपर्मसाईझ हा ऑप्शन. पर्मजेन (जुन्या जावात क्लासेस ठेवायची जागा) २०१४ मध्ये जावा ८ आला तेव्हाच गेला, त्याच्या जागी मेटास्पेस आला. जावा ८ आणि ११ नुसती वॉर्निंग देऊन पुढे जातात, पण जावा १७ वर हा ऑप्शन राहिला असेल तर टॉमकॅट चालूच होत नाही. अपग्रेडच्या रात्री आमची अर्धी रात्र गेली ह्यात, कारण लॉगऐवजी सगळे फायरवॉल बघत बसलेले.

बरं, आता दुसरी बाजू, म्हणजे जावा स्वतः ओरडतो ती. इथे एररची पूर्ण ओळ वाचा, नुसतं आउटऑफमेमरी वाचून थांबू नका. 'जावा हीप स्पेस' म्हणजे हीप भरली. 'जीसी ओव्हरहेड लिमिट' म्हणजे ९८ टक्के वेळ कचरा उचलण्यात जातोय आणि हाताला २ टक्क्यांपेक्षा कमी हीप लागतेय, म्हणजे तेच दुखणं. 'मेटास्पेस' म्हणजे बहुतेक वेळा न थांबता पुन्हा पुन्हा वॉर फाईल (ॲप्लिकेशनचं पॅकेज) डिप्लॉय केलीय आणि जुने क्लासेस सुटले नाहीत, टॉमकॅट त्याची वॉर्निंग लॉगमध्ये देतो की अमुक थ्रेड बंद केला नाही, मेमरी लीक होईल, पण ती ओळ कोण वाचतो. प्रॉडक्शनवर डिप्लॉय केलं की पूर्ण रीस्टार्ट द्या, विषय संपला. आणि 'अनेबल टू क्रिएट नेटिव्ह थ्रेड' आला तर हीपला हात लावू नका, हे हीपचं दुखणंच नाही, थ्रेड्सची मर्यादा संपलीय किंवा हीपबाहेर जागा नाही. हीप वाढवली तर स्टॅकसाठी उरलेली जागा अजून कमी होते. थ्रेड किती झालेत ते मोजा, दोन-तीन हजार दिसले तर कोणीतरी प्रत्येक रिक्वेस्टला नवीन थ्रेड पूल बनवतंय.

आमच्याकडे हीप साडेतीन केल्यावर रात्रीचं मरण थांबलं, आणि दहा-बारा दिवसांनी भर दुपारी खरा 'जावा हीप स्पेस' आला. मला तर बरंच वाटलं, कारण आता निदान पेशंट बोलायला लागला.

अशा वेळी आधी जेस्टॅट, हीपचे आकडे दाखवणारी कमांड. जीसीयुटिल ऑप्शन, प्रोसेस आयडी आणि १००० दिलं की दर सेकंदाला एक ओळ पडते. टॉमकॅट ज्या युजरने चालतो त्याच युजरने ही कमांड चालवा, नाहीतर नको ते एरर येतात, आणि मशीनवर नुसता जेआरई असेल तर ही टूल्स मिळणारच नाहीत, जेडीके लागतो. ओळीत कॉलम बरेच असतात, मी दोनच बघतो, ओ म्हणजे ओल्ड जनरेशन (बराच काळ टिकलेल्या ऑब्जेक्ट्सचा हीपमधला कप्पा) किती टक्के भरलीय आणि एफजीसी म्हणजे फुल जीसी किती वेळा झाला. ओ चढतो, जीसी झाला की पडतो, पुन्हा चढतो, करवतीच्या दातांसारखं, हे निरोगी. चढल्यावर कितीही उंच जाऊ दे, पडल्यावर कुठे येतो ते बघा. सकाळी ३० ला यायचा, दुपारी ५५ ला, संध्याकाळी ८० ला, तर लीक आहे, आणि तुम्ही हीप दुप्पट केली तर सर्व्हर दुपारऐवजी रात्री पडेल एवढाच फरक. आणि रोज ७० ला येऊन तिथेच थांबत असेल तर लीक नाही, खरंच जागा कमी आहे, तेव्हा मात्र खुशाल वाढवा, मशीनच्या हिशोबात बसत असेल तर.

मग हिस्टोग्राम, म्हणजे कुठल्या क्लासचे किती ऑब्जेक्ट्स आहेत त्याची यादी. जेसीएमडी, प्रोसेस आयडी, जीसी डॉट क्लास हिस्टोग्राम, आणि हेड लावून वरच्या चाळीस ओळी. ह्याने एक फुल जीसी होतो, म्हणजे ॲप्लिकेशन काही सेकंद थांबतं, काउंटरवर गर्दी असताना मारू नका. वरच्या पाच-सहा ओळींत बाईट ॲरे, स्ट्रिंग, हॅशमॅपचा नोड हे असणारच, ते सगळ्यांकडे असतात, त्यांच्यावर संशय घेण्यात अर्थ नाही. खाली उतरत जा आणि आपल्या स्वतःच्या पॅकेजचं पहिलं नाव कुठे येतं ते शोधा. आमच्याकडे आठव्या ओळीत होतं, खातेउताऱ्याच्या एका ओळीचा क्लास, ४१ लाख ऑब्जेक्ट्स, पुढे साधारण २९५ एमबी. आता २९५ वाचून वाटेल की साडेतीन जीबीत हे काय मोठं, पण हा आकडा त्या ऑब्जेक्टच्या नुसत्या सांगाड्याचा असतो, त्याने धरून ठेवलेल्या स्ट्रिंग, तारखा, बिगडेसिमल वरच्या ओळींमध्ये वेगळ्या मोजल्या जातात. आणि मुळात दुपारी दीड वाजता, दहा-बारा क्लार्क लॉगिन असताना, ४१ लाख उताऱ्याच्या ओळी मेमरीत हव्यात कशाला?

कोण धरून बसलंय ते हिस्टोग्राम सांगत नाही, त्याला हीप डंप, म्हणजे अख्ख्या हीपची फाईल, लागतो. जेमॅपने काढता येतो, पण खरं तर आधीपासूनच हीपडंपऑनआउटऑफमेमरीएरर हा ऑप्शन आणि हीपडंपपाथ लावून ठेवा, म्हणजे पडताना आपोआप फाईल बनते. पाथ दिलेल्या फोल्डरवर टॉमकॅटच्या युजरला लिहायची परवानगी आहे आणि हीपएवढी जागा मोकळी आहे हे आजच बघून घ्या. मी एकदा रूट पार्टिशनवरच पाथ दिला होता, डंपने डिस्क भरली, आणि मग टॉमकॅटबरोबर डेटाबेस पण बसला, एकाचे दोन प्रॉब्लेम. डंप आपल्या लॅपटॉपवर आणून एक्लिप्सच्या मॅट ह्या मेमरी तपासायच्या टूलमध्ये उघडायचा (मॅटच्या स्वतःच्या कॉन्फिग फाईलमध्ये पण एक्सएमएक्स वाढवावा लागतो), डॉमिनेटर ट्रीमध्ये जायचं, रीटेन्ड हीपने (कोण किती मेमरी धरून बसलंय) सॉर्ट करायचं आणि वरून उकलत जायचं.

उकललं तर वरती टॉमकॅटचे स्टँडर्डसेशन, त्यांच्या आत एकेक भलीमोठी ॲरेलिस्ट. झालेलं असं की उताऱ्याच्या स्क्रीनवर 'पुढचं पान' बटण होतं, आणि पान बदलताना क्वेरी पुन्हा मारायला नको म्हणून डेव्हलपरने अख्खा उतारा सेशनमध्ये ठेवलेला. तेवढ्याने पण चाललं असतं, कारण टॉमकॅटचं सेशन डीफॉल्ट ३० मिनिटांत मरतं. पण क्लार्क लोकांची तक्रार होती की चहाला जाऊन आलं की लॉगआउट होतं, म्हणून कोणीतरी वेब डॉट एक्सएमएलमध्ये टाईमआउट ४८० करून ठेवला होता. आठ तास. सकाळी दहाला काढलेला पिग्मीचा उतारा संध्याकाळी सहापर्यंत मेमरीत बसून, आणि ब्राउझर बंद करून पुन्हा लॉगिन केलं की नवीन सेशन, जुनं तसंच. टाईमआउट ६० मिनिटांवर आणला आणि क्वेरीला लिमिट लावून पानापुरत्याच ओळी आणायला लागलो, तिसऱ्या दिवशी ओ कॉलम संध्याकाळी पण ३५ च्या आत.

रात्रीच्या जॉबचं पण त्याच झटक्यात उरकलं. मायएसक्यूएलचा जावा ड्रायव्हर डीफॉल्टने क्वेरीचा पूर्ण रिझल्ट आधी मेमरीत ओढतो आणि मग तुम्हाला एकेक ओळ देतो, तुम्ही कोडमध्ये कितीही शहाणपणाने व्हाईल लूप लावला तरी. फेचसाईझ (एका वेळी किती ओळी आणायच्या) १००० दिली की झालं असं वाटतं, पण कनेक्शनच्या युआरएलमध्ये यूजकर्सरफेच ट्रू केल्याशिवाय ड्रायव्हर तिकडे लक्षच देत नाही. ते केलं, आणि तोच व्याजाचा जॉब दीड जीबीच्या आत बसायला लागला.

डॉकर किंवा कुबरनेटीसमध्ये असाल तर गोष्ट हीच, फक्त भिंत मशीनची नाही, कंटेनरच्या लिमिटची. कंटेनर १३७ कोडने बंद झाला असेल तर तो बाहेरून किल झालाय (१२८ अधिक सिग्नल ९), आणि डॉकर इन्स्पेक्टमध्ये ओओएमकिल्ड ट्रू दिसलं की शंका मिटली. लिमिट २ जीबी आणि एक्सएमएक्स पण २ जीबी हे मी दर महिन्याला कुठेतरी बघतो. त्यापेक्षा एक्सएमएक्स काढून मॅक्सरॅमपर्सेंटेज (लिमिटच्या किती टक्के हीप) ६० ते ७० द्या, डीफॉल्ट २५ आहे. जावा ८ असेल तर अपडेट १९१ च्या आधीचं असता कामा नये, जुन्याला कंटेनरचं लिमिट धड कळत नाही, तो अख्ख्या मशीनची रॅम बघून हीप ठरवतो.

सगळं करून हीप शांत आहे पण रेस वाढतच चाललाय असं दिसलं तर नेटिव्हमेमरीट्रॅकिंगला समरी देऊन एकदा रीस्टार्ट मारा आणि जेसीएमडीने व्हीएम डॉट नेटिव्ह मेमरी बघा, कुठला कप्पा वाढतोय ते सांगेल. थोडा स्पीड खातं, काम झालं की काढून टाका. तिथे पण बेरीज जुळली नाही तर मॅलॉक अरेना मॅक्स नावाचा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल २ करून बघा, जास्त कोअरच्या मशीनवर ह्याने चांगलाच फरक पडलेला बघितलाय. स्वॅप एक-दोन जीबी ठेवावा असं माझं मत, अपघातात एअरबॅग म्हणून, पण व्हीएमस्टॅटमध्ये एसआय आणि एसओ (स्वॅपमधून आत आणि बाहेर) सतत हलताना दिसले तर हीप स्वॅपमध्ये गेलीय, आणि मग एकेक जीसी अर्धा-अर्धा मिनिट घेतो, सर्व्हर चालू असून नसल्यासारखा. मोठ्या मशीनवाल्यांसाठी एवढंच, हीप ३२ जीबीच्या थोडी खाली ठेवा, वर गेलात की पॉइंटर ४ ऐवजी ८ बाईटचे होतात आणि ३४ जीबीत ३१ पेक्षा कमी माल बसतो.

आणि ती डंपची फाईल. काम झाल्यावर सर्व्हरवरून पण उडवा आणि लॅपटॉपवरून पण. साडेतीन जीबीच्या त्या एका फाईलमध्ये खातेदारांची नावं, आधार नंबर, शिल्लक आणि डेटाबेसचा पासवर्ड सगळं साध्या अक्षरात असतं, साधा स्ट्रिंग सर्च मारला तरी मिळतं. आमच्याकडे एकाने ती मदत मागायला ड्राइव्हवर टाकून लिंक ग्रुपमध्ये पाठवली होती, आणि मग पासवर्ड बदलत रविवार गेला.